टेंभुर्णीत शेळीच्या चीजची सरबराई

पुण्याहून सोलापूरकडे येताना उजनी धरण मागे पडले आणि उसाने लादलेल्या जोडट्रॉल्या रस्त्याच्या मध्यावर आपली पिढीजात वहिवाट सांगू लागल्या, म्हणजे टेंभुर्णी आली असे खुशाल समजावे. दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारी कारभार पाहिलेल्या सदाशिवपंत माणकेश्वरांची गढी या गावात आहे. पंढरपूर, करमाळा, कुर्डुवाडी आणि अकलूज यांकडे जाणारे रस्ते येथेच फुटतात. आणि त्या रस्त्यांनी जाणारा मनुष्य कितीही घाईत असला तरी कपभर चहापुरता येथे पायउतार होतोच. अशा गावी बसून शेळीचे चीज कसे वाढावे, कशाशी खावे आणि त्याच्या जोडीस कोणती वाइन ठेवावी या विषयावर लेखणी चालविणे म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणे होय, असे सकृद्दर्शनी कोणासही वाटेल. माझी कैफियत मात्र निराळी आहे. या प्रकरणाचा निवाडा साऱ्या हिंदुस्थानात कोठे व्हावयाचा असेल तर तो टेंभुर्णीसच व्हावा. कारण वादी, प्रतिवादी, साक्षीदार आणि मुद्देमाल ही सर्व मंडळी तासा-दीड तासाच्या अंतरात नांदत आहेत. उणीव एवढीच, की ती एका दिवशी एका कचेरीत कधी रुजू झालेली नाहीत.

प्रथम शेळी. आमच्या भागातील शेळी बहुतांशी उस्मानाबादी जातीची: काळीभोर, लोंबत्या कानांची, उंच पायांची, जुळी करडे देण्यात उदार आणि दूध देण्यात हिशेबी. २०१९ च्या पशुगणनेत देशातील शेळ्या १४ कोटी ८८ लाखांच्या घरात भरल्या आणि त्यांपैकी एक कोटीहून अधिक आपल्या महाराष्ट्रात निघाल्या. परंतु एवढी अफाट प्रजा असूनही दरबारात तिला बैठक नाही. गाईची पूजा होते, म्हशीच्या दुधावर सहकारी संघ उभे राहतात आणि त्या संघांच्या पायऱ्या चढत चढत माणसे थेट विधानसभेत जाऊन बसतात. शेळीच्या दुधाच्या जोरावर अद्याप कोणी ग्रामपंचायतीचा सदस्यही झालेला माझ्या पाहण्यात नाही. शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड, या म्हणीत तिच्या जन्माची सारी हकीकत आली. दुधाचा त्यात उल्लेखही नाही.

आयुर्वेदाने मात्र असा पक्षपात केलेला नाही. शेळीचा देह लहान, ती कडू-तिखट पाला खाते, पाणी बेताचे पिते आणि दिवसभर हिंडते, म्हणून तिचे दूध हलके आणि रोगनाशक होय, अशी कारणमीमांसा भावप्रकाशात दिलेली आहे. आणि टेंभुर्णीच्या एखाद्या बांधावर उभे राहून जो कोणी शेळीचा दिनक्रम प्रहरभर न्याहाळील, त्याची अशी खातरजमा होईल की ग्रंथकाराने हे विधान घरबसल्या केलेले नाही. बाभळीच्या शेंगा, बोरीचा पाला, शेजाऱ्याच्या कुंपणावरून डोकावणारा शेवगा आणि निवडणूक जवळ आली असल्यास सर्वपक्षीय भित्तिपत्रके, असा तिचा चौरस आहार असतो. तिची वकिली आजवर सर्वांत कौशल्याने कोणी केली असेल तर ती कस्तुरबांनी. गांधीजी १९१९ च्या सुमारास दीर्घ आजारातून उठत असताना, दूध न पिण्याचे व्रत त्यांनी सोडावे म्हणून डॉक्टर मंडळी युक्तिवाद करून थकली, तेव्हा बांनी असा मुद्दा काढला की व्रत घेताना आपल्या डोळ्यांपुढे गाय आणि म्हैस होत्या, शेळी कोठे होती? बॅरिस्टर निरुत्तर झाले आणि शेळीचे दूध प्याले. आपण व्रताचे अक्षर राखले, पण आत्मा राखला नाही, ही टोचणी पुढे त्यांनी आत्मचरित्रात नमूद करून ठेवली. शेळीला मात्र अशी कोणतीही टोचणी लागल्याची नोंद नाही.

या दुधाला आजही गिऱ्हाईक मिळते ते डेंग्यूच्या साथीत. एरवी ज्याची चौकशी कोणी करीत नाही, ते दूध त्या पंधरवड्यात औषधाच्या भावाने जाते, आणि डॉक्टरांनी त्यास शास्त्राधार नसल्याचे कितीही सांगितले तरी तांब्या घेऊन रांगेत उभे राहिलेल्या नातेवाइकांवर त्याचा परिणाम होत नाही. त्यामुळे आमच्या गल्लीच्या टोकाला चार शेरडे बाळगून असलेल्या मावशींकडे मी धड प्रकृतीने जाऊन दुधाची मागणी केली, तेव्हा त्यांनी धार काढता काढता मान वर करून पहिला प्रश्न केला तो असा:

“कुणाला डेंगी झालाय, अण्णा?”

“कोणाला नाही, मावशी. नासवून, फडक्यात बांधून, त्याचे चीज करावयाचे आहे.”

“आवं, नासल्यावर माणसं रडत्याती, आन तुमी पैसं दिऊन नासवणार? करडांच्या तोंडचं काढून?” असे म्हणून त्यांनी दूध दिले, परंतु पैसे मोजून घेताना त्यांच्या मुद्रेवर जी करुणा होती ती करडांविषयी होती की माझ्याविषयी, हे मी विचारले नाही.

चीज करण्याची कृती मावशींना वाटली तितकी अघोरी नाही. दूध कोमट ठेवावयाचे, त्यास विरजण लावावयाचे, दूध घट्ट बसविणाऱ्या रेनेटचा जेमतेम थेंब घालावयाचा, आणि मग एक अहोरात्र त्याच्याकडे ढुंकूनही पाहावयाचे नाही. दुसऱ्या दिवशी पाणी सुटून जो मऊ गोळा बसतो तो फडक्यात किंवा छिद्रांच्या साच्यात निथळत ठेवला आणि मीठ लावले, की ताजे चीज तयार. गुढीपाडव्याला श्रीखंडासाठी चक्का टांगणाऱ्या कोणत्याही गृहिणीला यात रेनेटखेरीज नवे काही नाही. रंगाने ते पांढरेशुभ्र होते, कारण पाल्यातील पिवळे द्रव्य शेळी दुधात उतरू देत नाही, त्याचे आधीच जीवनसत्त्वात रूपांतर करून टाकते. गाईच्या तुपाला येणारी सोनेरी छटा येथे शोधून सापडणार नाही. वासाची गोष्ट अलाहिदा. तो काही अंशी दुधातील स्निग्धाम्लांचा असतो, आणि दूध काढण्याच्या जागेशेजारी बोकड बांधलेला असेल तर बराचसा बोकडाचा असतो. जाणते लोक म्हणून बोकडाचा बंदोबस्त प्रथम करतात. एक किलो चीजला पाच-सहा लिटर दूध लागते, आणि उस्मानाबादी शेळी करडांचा वाटा देऊन झाल्यावर जे आपल्या भांड्यात टाकते ते पाहता, चीज ही वस्तू एकट्या-दुकट्याच्या दाराशी का झाली नाही, याचा उलगडा गणितानेच होतो.

फ्रान्सात लुआर नदीच्या खोऱ्यात या चीजचा जो थाट असतो तो पाहिला, म्हणजे आपल्याकडील शेळीचे दैव कोठे चुकले असा विचार करावा. तेथे वालांसे नावाचे चीज बिनशेंड्याच्या पिरॅमिडच्या आकाराचे करतात. इजिप्तमधून हात हलवीत परतलेल्या नेपोलियनने पिरॅमिड पाहताच संतापून तलवारीने त्याचा शेंडा उडविला, अशी आख्यायिका त्यास चिकटलेली आहे. सेल-स्युर-शेर या चीजला राख फासतात, आणि त्याची वर्तुळाकार वडी पाटावर मांडली म्हणजे पंढरीच्या वाटेवरील एखादा भस्मचर्चित गोसावी ध्यानस्थ बसल्याचा भास होतो. सेंत-मोर चीजच्या लांबट कांडीतून राय धान्याच्या ताटाची काडी आरपार घातलेली असते. दक्षिणेकडील प्रोव्हांस प्रांतातील बानों चीज चेस्टनटच्या पानांत गुंडाळून वर राफियाच्या धाग्याने बांधलेले असते. या प्रत्येकाच्या नावाला, गावाला आणि कृतीला सरकारी सनद आहे; दुसऱ्या गावाने ते नाव लावले तर खटला उभा राहतो.

आता वाढण्याचा विधी. हॉटेल व्यवस्थापन शिकून पुण्यास नोकरी करणारा आमचा भाचा सुटीत येथे आला असता त्याने तो मला सविस्तर समजावून दिला, आणि समजावताना त्याचा आविर्भाव असा होता की आम्ही आजवर जेवत होतो ते केवळ ईश्वरी कृपेने. चीज खाण्यापूर्वी तासभर अगोदर फ्रिजमधून बाहेर काढावे, म्हणजे ते खोलीच्या उष्णतेवर येते आणि त्याचा स्वाद खुलतो, हे त्याचे पहिले कलम. हे कलम रचणाऱ्याने टेंभुर्णीची खोली मे महिन्यात पाहिलेली नाही. येथे तासाभराने चीज खोलीच्या उष्णतेवर येत नाही, खोलीभर होते. मऊ कांडी कापावयाची तर सुरीला चिकटू नये म्हणून ताणलेल्या दोऱ्याने कापावी, किंवा सुरी गरम पाण्यात बुडवून पुसून घ्यावी. अनेक चीजे असतील तर प्रत्येकास स्वतंत्र सुरी, आणि खाण्याचा क्रम सौम्यापासून उग्राकडे. त्रिकोणी तुकड्याचे मऊसूत टोक तेवढे कापून स्वतःच्या ताटात ओढणारा मनुष्य फ्रान्सात असंस्कृत ठरतो. प्रत्येकाच्या वाट्यास कडेपासून गाभ्यापर्यंत सर्व काही यावे अशा बेताने काप घ्यावयाचा असतो.

हे सारे ऐकून मला यत्किंचितही दडपण आले नाही. ज्या मुलखात ताटाच्या डाव्या बाजूस चटणी-कोशिंबीर, उजव्या बाजूस भाजी आणि माथ्यावर मीठ या सीमारेषा खरेदीखतातील चतुःसीमांपेक्षा अधिक काटेकोर पाळल्या जातात, जेथे लिंबाची फोड चुकीच्या बाजूस वाढणाऱ्या सुनेची कीर्ती तीन पंगती पुढे जाते, आणि जेथे पुरणपोळीचा मधला भाग खाऊन कडा पानात टाकणाऱ्या नातवाकडे आजी ज्या दृष्टीने पाहते ती दृष्टी पाहून फ्रेंच माणूसही सुरी खाली ठेवील, त्या मुलखातील माणसास वाढण्याच्या शिस्तीचा धडा पॅरिसहून मागविण्याचे कारण नाही. आम्हांस फक्त नवा पाहुणा कोणत्या पाटावर बसवावयाचा एवढेच ठरवावयाचे होते.

तो पाट कडक भाकरीचा असावा, असे माझे मत आहे आणि ते मी कोणत्याही अपिलात बदलणार नाही. भाच्याने पुण्याहून आणलेली बिस्किटे खोक्यातच उत्तम दिसत होती. तोंडात त्यांचा पुठ्ठा झाला. उलटपक्षी मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीची (जिला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले) पापडासारखी पातळ थापलेली, तव्यावर आणि मग निखाऱ्याच्या धगीवर पाणी पार आटेपर्यंत वाळविलेली भाकरी मोडताना जो कडाका वाजतो, तो वाजल्यावर त्या खरखरीत, किंचित करपट तुकड्यावर थंडगार पांढऱ्या चीजचा लपका पडावा, दातांखाली प्रथम ज्वारी फुटावी आणि मागाहून ते आंबट, खारट, लोण्यासारखे मऊ चीज जिभेवर पसरावे, यासारखा मिलाफ नाही. वर सांगोल्याकडचे डाळिंबाचे दाणे टाकावे. सोलापूरच्या डाळिंबालाही मानांकन आहेच, आणि दाणा फुटला की जी गोडी येते ती चीजच्या आंबटपणाला हवीच असते. याच तत्त्वाने मध चालतो, अक्रोड चालतात, उकडलेले बीट चालते, आणि पुरंदरचे अंजीर तर असे चालते की ते खाऊन झाल्यावर अंमळ मौन पाळावे.

शेंगाचटणीचा प्रश्न बिकट आहे. आमच्या शेजारचे सेवानिवृत्त अव्वल कारकून चीजच्या या प्रथम पंगतीस पंच म्हणून हजर होते. हे गृहस्थ लग्नाच्या आमंत्रणपत्रिकेवरही आवक क्रमांक टाकतात. त्यांनी पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि “चव आंबट, वास शेरडाचा, हरकत नाही,” असा शेरा मारला. नंतर आम्ही काही बोलण्यापूर्वीच त्यांनी उखळात कुटलेल्या, तेल सुटलेल्या, लसणीच्या लालभडक शेंगाचटणीचा एक ढीग चीजवर चढविला आणि तो घास इतक्या समाधानाने खाल्ला की भाच्याच्या डोळ्यांत पाणी आले. चव उत्तम होते, हे मला मान्य करणे भाग आहे. दुधाचा स्निग्धांश तिखटाला आवरतो आणि कूट चीजला अंग देते. परंतु त्यानंतर वाइनचा घोट घेतला असता ती वाइन आहे, पाणी आहे की स्पिरिट आहे हे सांगण्यास जिभेने साफ नकार दिला. तिखट आणि मद्य एकमेकांची आग वाढवितात. त्यात नाजूक वाइनचा प्रथम बळी जातो. “मग वाइन रद्द करा,” असे अव्वल कारकुनांनी सुचविले.

वाइन रद्द करणे शक्य नव्हते, कारण ती या खटल्यातील सर्वांत नवलाची साक्षीदार आहे. टेंभुर्णीहून अकलूजकडे जावे आणि माळशिरस तालुक्यातील मोटेवाडीच्या माळावर उभे राहावे, म्हणजे जेथे कुसळ आणि मेंढ्या एवढेच पीक येत असे तेथे फ्लॉरेन्सकडील सेच्ची, दिल्लीचे सेखरी आणि अकलूजचे मोहिते-पाटील अशा तीन घराण्यांतील भावांनी मिळून उभे केलेले फ्रातेल्लीचे द्राक्षमळे दिसतात. वाइन करण्यास त्यांनी इटलीतील तोस्काना प्रांतातून प्येरो मासी यांना आणले. आणि १९७६ मध्ये पॅरिसला डोळे झाकून चव घेण्याची परीक्षा भरवून ज्याने कॅलिफोर्नियाच्या वाइनला फ्रेंचांवर बाजी मारू दिली, त्या स्टीव्हन स्परियर या इंग्रज गृहस्थानेही पुढे याच वाइनरीशी संगनमत करून एक वाइन सिद्ध केली. ज्या अकलूजला तुकोबांची पालखी मुक्कामास येते त्याच अकलूजच्या परिसरात सांजोव्हेसे द्राक्षाचा रस पिंपात मुरत पडलेला असतो, आणि दोघांनी एकमेकांच्या वाटेस आजवर गेल्याचे ऐकिवात नाही. आपल्याकडे द्राक्षाची विद्या नवी नाही. सोलापूरजवळच्या नान्नजचे नानासाहेब काळे यांनी सोनाका वाण निवडून काढला तो याच जिल्ह्यात. पण सोनाका खाण्याचे द्राक्ष. वाइनच्या द्राक्षास जी आंबट धार आणि जो सालपटाचा ऐवज लागतो तो त्यात नाही.

शेळीच्या चीजला वाइन निवडण्याचे तत्त्व एका ओळीचे आहे: आंबटास आंबट द्यावे. चीज आंबट आणि वाइन मवाळ असेल तर वाइन फिक्या सरबतासारखी लागते. वाइनही तितकीच धारदार असेल तर दोघींची धार एकमेकींवर झिजते आणि मागे फळाची चव उरते. म्हणून लुआरच्या काठी सांसेर गावची सोव्हिन्यों ब्लां ही वाइन आणि लगतच्या शाव्हिन्योल गावचे शेळीचे चीज यांचे लग्न पिढ्यानपिढ्या टिकून आहे. एकाच टेकाडाची माती, एकाच हवेतले गवत आणि द्राक्ष. पत्रिका जुळविण्याचे कारणच पडले नाही. आपल्याकडे सोव्हिन्यों ब्लां अकलूजला होते, नाशिकला होते. शेनिन ब्लां त्याच कुळातील आणि जरा मायाळू. रोझे आणि फसफसणारी वाइनही चालते, कारण बुडबुडे जिभेवरील स्निग्धता धुऊन काढतात. न चालणारी ती गडद तांबडी वाइन. तिच्यातील तुरटपणा ताज्या चीजच्या आंबटपणाशी असा भांडतो की तोंडात पैसा धरल्याचा भास होतो. तांबडी पिण्याचा हट्टच असेल तर चीज महिनोनमहिने मुरून टणक झालेले असावे.

पांढरी वाइन आठ-दहा अंशांवर थंड असावी, असेही एक कलम आहे, आणि टेंभुर्णीत ते महावितरणच्या मर्जीने पाळले जाते.

राहता राहिला कायदा. १९४९ चा मद्यनिषेध कायदा आजही आपल्या राज्यात लागू आहे आणि त्यान्वये मद्य पिणाऱ्याजवळ परवाना असावा लागतो. तो दिवसाचा मिळतो, वर्षाचा मिळतो आणि आजन्मही मिळतो, आणि स्वतःचे आरोग्य राखण्यासाठी आपण मद्य घेतो असे त्याच्या मसुद्यात गृहीत धरलेले असते. म्हणजे वाइन आणि शेळीचे दूध ही दोन्ही सरकार आणि समाज यांच्या लेखी औषधेच ठरली, आणि दोन औषधे एकत्र घेण्यास हरकत नसावी. शासनाने २००१ मध्ये द्राक्षप्रक्रिया उद्योगास उत्तेजन देण्याचे धोरण आखले. जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला. त्यावर अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला, हरकती मागविण्यात आल्या, आणि तो निर्णय अद्याप कोठे तरी फडक्यात बांधून निथळत ठेवलेला आहे.

गावातील निम्मी मंडळी माळकरी असताना त्यांना या पंगतीतून उठविणे मला प्रशस्त वाटले नाही. त्यांच्यासाठी कैरीचे पन्हे केले, गूळ हात राखून घातलेले. आंबटास आंबट हे तत्त्व तेथेही तंतोतंत लागू पडते. चीज जनावराच्या जठरातील नव्हे, तर सूक्ष्मजीवजन्य रेनेटचे असल्याची खात्री करून घेतली म्हणजे माळेलाही बाध येत नाही. पुढे पन्ह्याचा जग वाइनच्या बाटलीआधी संपला, हे येथे नमूद करणे इष्ट.

आता एक दरख्वास्त, अकलूज-माळशिरसच्या वाइन करणाऱ्यांस, माढा-करमाळ्याच्या शेळीपालकांस आणि दूध संघांच्या संचालक मंडळांस समाईक. मुंबईत आणि पुण्यात आज हाताने चीज करणारे कारखानदार आहेत, आणि त्यांच्या मालास गिऱ्हाईक आहे. पन्नास-साठ घरांच्या शेळ्यांचे दूध सकाळच्या धारेला एका जागी थंड करण्याची तजवीज झाली, बोकड लांब बांधले गेले आणि करडांचा वाटा सोडून उरलेल्या दुधास डेंग्यू नसतानाही भाव मिळाला, तर लुआरच्या खोऱ्यात जे आहे ते सर्व भीमेच्या खोऱ्यात आहे, शिवाय कडक भाकरी आहे. मावशींकडे हा मसुदा मी वाचून दाखविला. लिटरमागे दर काय, एवढेच त्यांनी विचारले. आणि तो आकडा ठरविण्याचे काम संचालक मंडळाचे आहे.